मल्लव्वाचा डावा हात

"उलटं फिरवालाय तुमी," मल्लव्वा म्हणाली. ती बाथरूमच्या दारात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसली होती आणि डावा हात तिने पदराखाली झाकून घेतला होता.

"गप बस. उभा जन्म पानंच फिरवलेत मी," स्टुलावर उभा असलेला सिद्धाप्पा म्हणाला. मग थोडा वेळ जाऊ देऊन, आपल्याच मनात आलं अशा थाटात त्याने पाना दुसऱ्या बाजूने लावला. करकर आवाज झाला, वरून पांढरी भुकटी त्याच्या डोळ्यांत पडली आणि शॉवर सुटून हातात आला.

"आला," तो डोळे चोळत म्हणाला.

"येणारच की. मी सांगितल्यावर आला," मल्लव्वा म्हणाली. आजारपणात तिची जीभ तेवढी शाबूत राहिली होती आणि ती तिचा पुरेपूर उपयोग करून घेत होती.

हा शॉवर म्हणजे त्या घरातली एक शोभेची वस्तू होती. कसबा बावड्यात, जिथे आधी ऊस उभा असायचा तिथे प्लॉट पडले, त्यातल्या एकावर सिद्धाप्पाच्या मुलाने, राजशेखरने, घर बांधलं. राजशेखर शिरोलीला फाउंड्रीत सुपरवायझर होता. सगळ्यांच्या घरात असतो म्हणून त्याने बाथरूममध्ये शॉवर बसवला, गच्चीवर सोलर बसवला आणि वास्तुशांतीला आलेल्या एकूण एक पाहुण्याला शॉवर चालू करून दाखवला. मुरगूडहून आलेल्या एका म्हातारीची पैठणीच त्यात भिजली. त्यानंतर शॉवरला कुणी हात लावला नाही. सगळे बादली आणि तांब्यावाले. वरून पडणाऱ्या पाण्याखाली उभं राहायचं म्हणजे ती अंघोळ नव्हे, ते भिजणं, असं खुद्द सिद्धाप्पाचं मत होतं. बोअरचं पाणी जड, त्याने दोन-चार वर्षांत आतून पांढरा थर धरला आणि चाळणीची भोकं बुजून गेली. आता कॉक सोडला तर तीन कोपऱ्यांतून तीन बारीक धारा गळायच्या, त्याही तीन दिशांना.

पण वैशाखात मल्लव्वाच्या अंगावरून वारं गेलं आणि घरातल्या सगळ्या गोष्टींचा अर्थ बदलला. पाय सुधारला. काठीच्या आधाराने ती स्वयंपाकघरापर्यंत यायची, सुनेला, विद्याश्रीला, भाजीत मीठ कमी आहे हे वासावरून सांगायची. डावा हात मात्र गेला तो गेलाच. कोपरात दुमडून छातीशी ओढला गेला आणि मूठ आवळली ती उघडेना. नखं तळव्यात रुतायची म्हणून विद्याश्री बोटांच्या फटीतून कापसाचे बोळे आत सारायची.

आता मूठ आवळली म्हणून कुणाचं काय अडतं? उजवा हात धड होता. जेवता येत होतं, वेणी विद्याश्री घालत होती. पण मल्लव्वाचं अडत होतं. ती लिंगायत घरातली, लहानपणी गुरूने गळ्यात लिंग बांधलं तेव्हापासून तिची पूजा कधी चुकली नव्हती. सकाळी अंघोळ करायची, गळ्यातली चांदीची डबी उघडायची, लिंग डाव्या तळहातावर घ्यायचं, उजव्या हाताने पाणी, विभूती, बेल वाहायचा आणि डोळे मिटून बसायचं. तोवर पाण्याचा घोटही नाही. बाळंतपणात आणि प्रवासातही तिने हे सोडलं नव्हतं. एकदा तर एसटी बंद पडली तेव्हा रस्त्याकडेच्या विहिरीवर तिने पूजा उरकली होती. देवाला बसायला डावा तळहात लागतो आणि तो तळहातच तिच्या ताब्यात राहिला नव्हता.

मठाचे स्वामी घरी येऊन गेले. चांगला माणूस. खुर्चीवर बसून त्यांनी तिला समजावलं, "अव्वा, गळ्यात हाय न्हवं? मग झालं की. देव काय हात मोजत बसतोय व्हय?"

तिने वाकून नमस्कार केला आणि ते गेल्यावर सिद्धाप्पाला म्हणाली, "त्यांचा हात धड हाय."

"मग मी करतो की तुझ्या लिंगाची पूजा."

"ब्याड," ती म्हणाली. नको असलं की तिच्या तोंडून माहेरची कानडीच यायची. "ज्येचं त्येनंच पुजायचं असतंय. माझ्या वाटणीचं तुमी जिवताय का?"

गोळ्या घ्यायच्या म्हणून जेवणं भाग होतं. पण ती ताट घेऊन भिंतीकडे तोंड करून बसायची. चोरून खाणाऱ्या माणसासारखी भराभर चार घास गिळायची आणि ताट सरकवून द्यायची. सिद्धाप्पाला स्वतःला देवाधर्माचं फार नव्हतं. साखर कारखान्याच्या हंगामात रात्रपाळीहून येऊन तो गळ्यातल्या लिंगाला नुसता हात लावायचा आणि जेवायला बसायचा. त्यावरून तिने त्याला जन्मभर ऐकवलं होतं. पण तिची ती भिंतीकडे वळलेली पाठ त्याला बघवत नव्हती. तो जेवणाच्या वेळी उठून अंगणात जायचा आणि काही काम नसताना पाण्याची टाकी भरली का बघायचा.

मग दवाखान्यात एक गोष्ट घडली. व्यायाम शिकवणाऱ्या पोरीने मल्लव्वाला शॉवरखाली बसवलं आणि खांद्यापासून खाली एकसारखं कोमट पाणी सोडत राहिली. आधी खांदा सैल पडला, मग कोपर, आणि शेवटी मूठ आपोआप सुटली. सगळी बोटं उलगडली. मल्लव्वा आपल्या तळहाताकडे बघत राहिली. घाम साचून तो पांढराफटक पडला होता, नखांच्या चार खुणा त्यात उमटल्या होत्या. "माझाच हाय," ती म्हणाली. रिक्षात बसेपर्यंत मूठ पुन्हा मिटली होती. पण त्या दिवशी घरी येताना ती सिद्धाप्पाशी सगळी वाट बोलत होती, आणि बोलत होती ते एकच. आता श्रावण लागलाय, सोमवारी तेवढी पूजा होऊ दे. एकदा झाली तरी बास.

घरी त्यांनी सगळं करून बघितलं. गरम पाण्याच्या बादलीत हात बुडवला तर खांदा आखडलेलाच राहायचा आणि मूठ सुटायची नाही. तांब्याने ओतलं तर पाणी अंगावर पडलं की ती दचकायची आणि मूठ आणखी आवळायची. नळाला नळी लावली तर खांद्यावर एकाच जागी धार बसून ती कळवळली. तेव्हा सिद्धाप्पाने मान वर करून त्या शोभेच्या वस्तूकडे पहिल्यांदा नीट बघितलं.

विद्याश्री म्हणाली, "मामा, नवा आणूया की. कृष्णात प्लंबरला सांगितलंय मी, आलोच म्हणालाय."

कृष्णातचं 'आलोच' म्हणजे किमान आठवडा, हे सगळ्या बावड्याला माहीत होतं. आणि सोमवार परवावर आला होता. शिवाय शॉवर चांगला जाड पितळेचा होता. त्यात काही मोडलं नव्हतं, नुसता थर बसला होता. सिद्धाप्पाने तो उजेडात धरून आत बघितलं आणि त्याचं तोंड एकदम खुललं.

"ह्ये तर आपलंच काम," तो म्हणाला.

त्याला कारणही होतं. कारखान्यात उसाचा रस आटवायची घराएवढी भांडी असतात. त्यांच्या आत नळ्याच नळ्या, आणि रस आटेल तसा त्या नळ्यांना आतून दगडासारखा थर धरतो. मग चक्की थांबवायची, भांड्यात कॉस्टिक सोडा उकळायचा, आत उतरायचं आणि नळी न् नळी साफ करायची. सिद्धाप्पाने नोकरीभर हेच केलं. अंगावर गोणपाट घेऊन गरम भांड्यात उतरायचा आणि पांढराशुभ्र होऊन वर यायचा. घरात त्या कामाबद्दल कुणी कधी विचारलं नव्हतं. मुलगा मित्रांना सांगताना 'वडील कारखान्यात होते' एवढंच सांगायचा. आज पहिल्यांदा त्याच्या त्या कामाची त्याच्या बायकोला गरज पडली होती. म्हातारा चप्पल घालून दुकानात गेला तो पळतच गेला म्हणायला हरकत नाही.

कॉस्टिक सोडा आणला. विद्याश्री शेजारी हळदीकुंकवाला गेली होती. त्याने हाताला लागेल ते मोठं पातेलं घेतलं, त्यात पाणी आणि सोडा घातला, शॉवर बुडवला आणि परसात स्टोव्ह पेटवला. मल्लव्वाची खुर्ची त्याने मुद्दाम बाहेर आणून ठेवली. तिने बघावं असं त्याला वाटत होतं.

"आता बघ. असं फसफसाय लागलं की समजायचं, सुटाय लागलं," तो म्हणाला.

फसफसायला तर लागलंच. इतकं, की फेस काठावर आला, स्टोव्हवर सांडला आणि स्टोव्ह विझला. काळपट, घाण वासाचा फेस. सिद्धाप्पाला आधी आनंदच झाला. मग त्याच्या लक्षात आलं. कारखान्यातली भांडी लोखंडाची होती आणि हे पातेलं ॲल्युमिनियमचं होतं. सोडा शॉवरला सोडून पातेल्यालाच खात होता. चिमट्याने शॉवर बाहेर काढून धुतला, तर आतला थर जिथल्या तिथे, उलट आधीपेक्षा लख्ख झालेला. पातेल्याच्या बुडातून मात्र पलीकडचा उजेड दिसत होता.

विद्याश्री आली. तिने पातेलं उचललं, उलटं केलं, बुडाच्या भोकातून सासऱ्याकडे बघितलं. "माझ्या आईनं दिलेलं पातेलं हुतं, मामा," एवढंच म्हणाली आणि आत गेली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं, असं सिद्धाप्पाला वाटलं. तो पायरीवर बसून राहिला. उसाच्या रसाचा थर वेगळा, बोअरच्या पाण्याचा वेगळा, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. पातेल्याचं वाईट वाटलंच, पण आपलं सगळ्या जन्माचं एक काम, तेही ऐन वेळी उपयोगी पडलं नाही, हे त्याला जास्त लागलं.

"झालं का तुमचं?" मल्लव्वाने विचारलं.

"झालं."

"मग आता मी सांगतो तसं करा. चिंच भिजत घाला."

"भांडं न्हवं ते, शॉवर हाय."

"पितळ हाय न्हवं? देवाची भांडी मी कशानं घासत हुतो इतकी वरसं? त्येंच्यात पाणी वाळून असंच पांढरं धरायचं. घाला भिजत. गरम पाण्यात घाला."

त्याने घातली. दुसरं काही सुचत नव्हतंच. दाट कोळ करून त्यात शॉवर बुडवून ठेवला आणि झाकण ठेवलं. रविवारी सकाळी दोघं परसात समोरासमोर बसली. थर दगडासारखा होता तो खडूसारखा मऊ पडला होता. चाळणीच्या मधला स्क्रू त्याने काढला, चाळणी वेगळी केली. मल्लव्वाने उजव्या हाताने चाळणी धरली आणि सिद्धाप्पाने वाकळ शिवायच्या सुईने एकेक भोक टोकरायला घेतलं. भुकटी तिच्या मांडीवर पडत होती. मधेच ती चाळणी तिरकी करून उजेडाला धरायची आणि सांगायची, "ह्ये ऱ्हायलं. त्येच्या खालचं बी." तो चष्मा नाकावर ओढून पुन्हा टोकरायचा. जुन्या ब्रशने पाठ घासली, पुन्हा चिंच, पुन्हा सुई. इतकी वर्षं संसार झाला, पण दोघांनी मिळून बसून असं एक काम केल्याचं त्यांना आठवत नव्हतं. हंगामात तो घरी नसायचा आणि हंगाम संपला की तिला शेतातून सवड नसायची.

दुपारपर्यंत चाळणी पुरणाच्या चाळणीसारखी स्वच्छ झाली. आतला रबरी वायसर सोड्याने फुगला होता, तो टाकून त्याने सायकलच्या ट्यूबचा गोल कापून घातला. आट्यांवर टेप गुंडाळून शॉवर जागेवर चढवला. कॉक सोडला, आणि पाणी पडलं. सगळ्या भोकांतून, सरळ खाली. विद्याश्री पातेल्याचं विसरून बघायला आली. राजशेखरने खाली हात धरला आणि म्हणाला, "अप्पा, नव्यासारखा झालाय की."

सिद्धाप्पाने मल्लव्वाकडे बोट केलं. "तिला सांग."

सोमवारी सगळ्यांनी गार पाण्याने अंघोळी केल्या. सोलरमधलं पाणी मल्लव्वासाठी राखून ठेवायचं होतं. राजशेखर कुडकुडतच कामावर गेला. आभाळ भरून आलं होतं आणि टाकी नुसती कोमट होती. त्यामुळे ऊन पडायची वाट बघत बसणं आलं. मल्लव्वाने सकाळपासून पाणी घेतलं नव्हतं, गोळीही नाही. आज खरी पूजा होणार, मग आज कसली सूट?

"आत्ती, गोळी तरी घ्या की. रक्तदाबाची हाय," विद्याश्री म्हणाली.

"ब्याड. पूजा झाल्यावर पोटभर जिवतो आज. पुरणाचं घाल."

दुपारी ऊन पडलं. श्रावणातलं, आता आहे आणि आता नाही असलं. सिद्धाप्पा दर थोड्या वेळाने गच्चीवर जाऊन पाईपला हात लावून यायचा. शेवटी वरूनच ओरडला, "चला."

विद्याश्री टॉवेल घेऊन पुढे आली, तशी मल्लव्वा म्हणाली, "ह्यास्नी ऱ्हाऊ दे आज." विद्याश्री मुकाट्याने स्वयंपाकघरात गेली आणि दोघांना संकोच नको म्हणून तिने डबे आणि ताटं उगीचच जोरजोरात आपटायला सुरुवात केली.

मल्लव्वा लुगड्यातच स्टुलावर बसली. सिद्धाप्पाने पाणी हातावर घेऊन बघितलं आणि कॉक पूर्ण सोडला. पाणी तिच्या डाव्या खांद्यावरून खाली यायला लागलं. तिने डोळे गच्च मिटले, मग सैल सोडले. तो तिच्या मागे उभा राहून खांदा चोळत होता आणि तिच्याइतकाच भिजत होता.

"नातवंडं खेळवायच्या वयात ह्ये काय आरंभलंय आपण," ती म्हणाली.

"बोलू नगंस. तोंडात पाणी गेलं तर पूजा बाटंल."

ती हसली. त्या हसण्याबरोबर खांदा खाली आला. मग कोपर छातीपासून सुटलं. त्याने हात हळूच पुढे ओढला, पाण्याखाली धरला. अंगठा आधी हलला. मग एकेक बोट उघडत गेलं, आणि शेवटी तळहात वर करून हात त्याच्या हातात पडला. त्याने साबणाने तळवा धुतला. मग तो तळवाच पुन्हा पुन्हा धूत राहिला.

"पुरं आता. झिजंल," मल्लव्वा म्हणाली.

विद्याश्रीने सगळी तयारी करून ठेवली होती. पाट, विभूती, बेल, तांब्याची पळी. कोरडं धूतवस्त्र नेसवून तिला पूर्वेकडे तोंड करून बसवलं. सिद्धाप्पा डावीकडे बसला आणि तिचं कोपर त्याने आपल्या गुडघ्यावर टेकवून घेतलं. मल्लव्वाने कपाळाला विभूती लावली, उजव्या हाताने डबी उघडली, लिंग काढलं आणि डाव्या तळहातावर ठेवलं. वर पाणी घातलं. बेलाचं पान ठेवलं. मग डोळे मिटले.

लगेच उघडले.

"काय झालं?"

"ठेवलंय न्हवं मी?" तिने विचारलं.

"ठेवलंय की. बघ."

तिने बघितलं. लिंग तळहातावर होतं. तिने पुन्हा डोळे मिटले, पुन्हा उघडले. चेहऱ्यावर आधी गोंधळ होता, मग भीती आली.

"डोळं उघडं हायत तवर हाय," ती म्हणाली. "मिटलं की न्हाय. काय लागतच न्हाय वो हाताला. वजन न्हाय, पाणी गार का गरम त्ये न्हाय. हात तरी हाय का न्हाय, कुणास ठावं."

दवाखान्यात तिने तळहात डोळ्यांनीच बघितला होता. उघडला याच आनंदात सगळे होते. तो मेलेला आहे का, हे कुणी तपासलं नव्हतं.

"मग उघड्या डोळ्यांनी कर," सिद्धाप्पा म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

"नुसतं बघायचं असलं तर फोटोत बी हाय की देव."

त्याने आपला तळहात तिच्या तळहाताखाली धरला. "माझा हात हाय खाली. मला लागतंय वजन. हाय म्हणून मी सांगतो. तू मीट डोळं."

तिने त्याच्याकडे बघितलं. मग खरंच डोळे मिटले. ओठ हलायला लागले, नेहमीचं पुटपुटणं सुरू झालं. हळूहळू तिच्या कपाळावरची आठी गेली. वैशाखापासून न दिसलेला तिचा तो जुना चेहरा, सकाळच्या पूजेचा, परत आला. सिद्धाप्पा त्या चेहऱ्याकडेच बघत होता. म्हणून करंगळी आत वळली तेव्हा ती त्याला दिसली नाही, हाताला कळली.

हात थंड पडत होता. करंगळीमागून दुसरं बोट वळलं. त्याने सांगायला तोंड उघडलं. डोळे उघड, लिंग उचल, एवढंच म्हणायचं होतं. पण मल्लव्वा शांत बसली होती. त्या क्षणी तिला हाक मारायची म्हणजे हे सगळं मोडायचं, आणि पुन्हा कधी जमेल याचा काय भरवसा? आणखी थोडं, त्याला वाटलं, आणखी थोडा वेळ बसू दे हिला. त्याने आपल्या बोटांनी तिची बोटं वर धरायचा प्रयत्न केला. तिच्या बोटांना त्याच्या बोटांपेक्षा जास्त जोर होता. बेलाचं पान बाहेर गळून पडलं आणि मूठ लिंगावर मिटली.

तिने डोळे उघडले. "कुठं गेलं?"

"मुठीत हाय," तो म्हणाला.

तिने मुठीकडे बघितलं, मग त्याच्याकडे. "तुमी सांगणार हुतासा न्हवं?"

त्याने खाली पडलेलं बेलाचं पान उचलून पाटावर ठेवलं.

त्यानंतरची दुपार धावपळीत गेली. तिला पुन्हा शॉवरखाली नेलं, तर सोलरचं पाणी संपत आलेलं होतं. थोडा वेळ कोमट आलं आणि मग बोअरचं गार. ती शहारली आणि मूठ आणखी घट्ट झाली. विद्याश्रीने गॅसवर पाणी तापवून आणलं, तांब्याने ओतलं, काही होईना. सिद्धाप्पाने बोटं उचकटून बघितली. एका बोटाचं कट्कन वाजलं, पण मल्लव्वाने हूं की चूं केलं नाही. तिला दुखलंच नाही, याने तो जास्त घाबरला. शिवाय लिंगावरचं काळं कवच ठिसूळ असतं. जोर लावताना त्याला तडा गेला तर? तडकलेलं लिंग गळ्यात बांधून मल्लव्वा एक दिवस जगली नसती, हे त्याला पक्कं माहीत होतं. त्याने हात काढून घेतला.

विद्याश्रीने राजशेखरला फोन लावला. तो म्हणाला, आज व्यायामवाली बाई नसती, उद्या सकाळी रिक्षा करून नेऊ. तवर अव्वाला दोन घास घालून गोळी द्या.

विद्याश्री ताट घेऊन आली. पुरणपोळी केली होती, वर तूप घातलं होतं. मल्लव्वाने ताटाकडे बघितलं आणि मान हलवली.

"लिंग हातात असताना जिवत न्हाईत, बाळ. आधी त्येला जाग्यावर ठेवायचं, मग आपण."

"आत्ती, पाणी तरी."

"पाणी बी न्हाय."

"न्हाय उघडला हात उद्याबी तर?" विद्याश्रीने विचारलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मल्लव्वाने ताट हळूच तिच्याकडे सरकवलं. विद्याश्री ताट झाकून ठेवून दारात बसली. सासू उपाशी असताना तिलाही खाववेना.

दिवस कलताना सिद्धाप्पा गच्चीवर गेला. पन्हाळ्याच्या बाजूने आभाळ काळंकुट्ट झालं होतं. उद्या ऊन पडेल असं काही दिसत नव्हतं. त्याने टाकीला तळहात लावला. गार होती. तरी तो थोडा वेळ हात तसाच लावून उभा राहिला आणि मग कठडा धरत खाली आला. ही पूजा आपण नसती मांडली तर ती आज भिंतीकडे तोंड करून का होईना जेवली असती, गोळी घेतली असती. हा विचार त्याच्या मनात आला आणि जाईना. सगळं नीट केलं होतं. शॉवर तर अजूनही छान चालत होता.

मल्लव्वा कॉटवर भिंतीला टेकून बसली होती. ओठ सुकले होते. डावी मूठ तिने उजव्या हाताने मांडीवर धरून ठेवली होती. तो जवळ जाऊन बसला.

"तुमी जिवून घ्या," ती म्हणाली.

"जिवतो," तो म्हणाला आणि बसून राहिला.

बाहेर भुरभुर पडायला लागली. विद्याश्रीने उठून दिवा लावला. मल्लव्वाने डोळे मिटले आणि थोड्या वेळाने, न उघडता, विचारलं, "हाय का?"

सिद्धाप्पा वाकला. अंगठ्यापाशी बारीक फट होती, तिच्यातून आतलं काळं दिसत होतं.

"हाय."

थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, "बघा की. हाय का?"

ते कुठे जाणार होतं? न बघता सांगितलं असतं तरी चाललं असतं, तिला काही कळलं नसतं. पण तिने विचारलं की दर वेळी तो चष्मा सारखा करायचा, वाकायचा, फटीला डोळा लावून नीट बघायचा, आणि मगच सांगायचा, "हाय."